पहिला सोमवार, तिसरा गुरुवार

त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. पाणीपट्टीच्या कार्यालयात अकरा वर्षं कारकुनी करताना हे नाव त्याला चिकटलं आणि बदलीच्या हुकमाबरोबर नव्या जागीही त्याच्या आधी येऊन पोहोचलं. माणूस वाईट नव्हता, पण सरळ रेषेचं वेड होतं. गोल पेपरवेटसुद्धा तो सरळ ठेवतो, असं लोक म्हणत.

बदली झाली ती सरकारी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, सतरा नंबरच्या खोलीत. दारावर पाटी नव्हती, नुसता आकडा होता. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना इथून गोळ्या मिळत, इथेच त्यांचं रक्त तपासलं जाई, प्रवासाच्या सवलतीचा पास आणि निराधारांच्या पेन्शनचा अर्ज याच खिडकीतून पुढे जाई. अकराशेच्या वर माणसं या खिडकीशी बांधलेली होती. "कसली शिक्षा झाली म्हणायची ही?" बायकोने विचारलं, तर तो म्हणाला, "तसंच समज." पहिल्या दिवशी त्याने खुर्ची रुमालाने तीनदा पुसली आणि मगच टेकला. त्या रुमालाची आठवण पुढे आयुष्यभर त्याला लाजवत राहिली, पण तेव्हा तेवढी अक्कल त्याला नव्हती.

त्या खुर्चीवर त्याच्याआधी चौदा वर्षं तारीखबाई बसत होत्या. त्यांचं काम एकच. औषध घेऊन निघालेल्या माणसाच्या कार्डावर पुढच्या खेपेची तारीख लिहायची. माणूस खिडकीशी आला की त्या त्याच्या तोंडाकडे बघत, क्षणभर डोळे मिटत, आणि तारीख सांगत. पोपटवाल्याने चिठ्ठी काढावी तसा कारभार, असं फूटपट्टीला वाटलं. तारखांची वही तर बघवत नव्हती. ना नंबराप्रमाणे, ना नावाप्रमाणे, ना वस्तीप्रमाणे. एका गल्लीतला एकजण तीन तारखेला, तर त्याच्या समोरच्या दारातला एकोणीसला. वही कसली, गोधडी होती.

"बाई, याला काही पद्धत?" त्याने विचारलं.

"आहे."

"कुठे लिहून ठेवलीय?"

"लिहिली नाही म्हणून तर टिकलीय."

"मग मला तोंडी सांगा."

तारीखबाईंनी चष्म्यावरून त्याला नीट पाहून घेतलं. त्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. "तीन महिने टिकून दाखव, मग सांगते. तुझ्याआधी माझं काम शिकायला तिघं आले आणि पंधरा-पंधरा दिवसांत पळाले. पळणाऱ्याच्या कानात काही ठेवू नये. तोवर वही आहे तशी चालव. ज्याची जी तारीख असते, तीच पुढच्या महिन्यात दे. अडलं तर फोन कर, पण आपली अक्कल चालवू नकोस."

हे शेवटचं वाक्य त्याला झोंबलं. अकरा वर्षांच्या नोकरीत आपली अक्कल चालवू नकोस असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. खरं तर त्याने ती कधी चालवलीच नव्हती, पण ते वेगळं.

बाई गेल्या. पहिला महिना त्याने दात-ओठ खाऊन ती गोधडी चालवली. माणसं हळूहळू ओळखीची झाली. तो स्वतः मोजकं बोलायचा, पण खिडकीशी आलेला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक सासूबाई येत. गुडघे धरून बसत आणि सुनेचं गाऱ्हाणं सांगत. "रोज रात्री उशाशी पाण्याचा तांब्या आणून ठेवते बघ. सांगून थकले, मला तहान लागत नाही. पण ऐकेल तर शपथ." तिसऱ्या गुरुवारी एक सून येई. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती, तिच्या पदराला नेहमी एखादा दोरा चिकटलेला असे. ती सासूचं गाऱ्हाणं सांगे. "कान गेलेत त्यांचे, भाऊ. रात्रीचे नऊ वाजले की टीव्ही असा लावतात की शेजारच्या घरात भांडी हलतात."

दोघींच्या कार्डांवर पत्ता एकच होता. आडनावही एकच. गिरणीमागच्या वस्तीत दोन खोल्यांत राहणाऱ्या दोन बायका, घरात तिसरं माणूस नाही. एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, म्हणजे एकच माणूस, पाच वर्षांपूर्वी वारला होता. फूटपट्टीला हसू आलं. घरोघरी मातीच्या चुली! भांडणापायी दोघी वेगवेगळ्या दिवशी येतात, दोनदा बसचे धक्के खातात. एका दिवशी बोलावल्या तर येताना एकमेकींना सोबत होईल, कदाचित सूतही जमेल.

इथून त्याची अक्कल चालायला लागली. दुसऱ्या महिन्यात त्याने नवी वही आणली, लाल शाईने रेघा मारल्या आणि येईल त्याला वस्तीप्रमाणे तारीख देत गेला. सोमवारी स्टेशनजवळचे, मंगळवारी बाजारातले, आणि महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी अख्खी गिरणीमागची वस्ती. काही माणसं तारीख बघून चपापली. एकदोघांनी "जुनीच द्या ना" म्हटलंही. "नवी पद्धत आहे," तो म्हणाला. सरकारी खिडकीतून असं कुणी म्हटलं की माणूस पुढे बोलत नाही.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, तारीखबाई आपल्या पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला आल्या. फूटपट्टीने चहा मागवला आणि परीक्षेत पहिला आलेल्या पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तशी नवी वही त्यांच्यापुढे उघडली. बाईंनी पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला.

"उद्या किती?"

"अडतीस. सगळे गिरणीमागचे. एका झटक्यात काम संपेल."

"दार लाव," बाई म्हणाल्या.

त्याने दार लावलं. बाईंनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि बोलायला लागल्या. समोर कागद नव्हता. "आता एकदाच सांगेन. कागदावर उतरवायचं नाही. सांगून झालं की मी विसरले आणि तूही विसरलास. कार्ड नंबर चारशे बारा आणि नऊशे सहा. एक शाळेतली बाई, दुसरा तिच्याच वर्गातल्या मुलाचा बाप. दोनशे नव्वद घरमालक आहे, त्याचे तीन भाडेकरू इथं येतात, एकाचंही त्याला ठाऊक नाही. सातशे तीस आणि आठशे एक सख्खे भाऊ, एक वर राहतो, एक खाली. वाटणीवरून बोलणं बंद आहे. एकाला दुसऱ्याचं कळलं, तर तो आपलं झाकून दुसऱ्याचं गावभर करेल. पाचशे अठ्ठावीसचं लग्न ठरतंय. मुलीला त्याने सगळं सांगितलंय, ती तयार आहे. पण तिची मामी सहाशे चार आहे, आणि मामीला यातलं काही माहीत नाही..."

पाऊण तास त्या बोलत होत्या. चहावर साय धरली. अडतीस माणसांची घरं, वाटा, भांडणं, सोयरिकी, कोण कोणत्या बसने येतो, कुणाला लांबूनही कुणाची पाठ दिसता कामा नये, हे सगळं त्या मिटल्या डोळ्यांनी सांगत होत्या. आणि ही एका वस्तीची गोष्ट. अशा तीस-पस्तीस वस्त्या होत्या. चौदा वर्षं, अकराशे माणसं, आणि एकदाही कुणी कुणासमोर नको तेव्हा आलेलं नव्हतं. ज्याला तो गोधडी म्हणत होता, तिचा एकेक टाका या बाईने हाताने घातला होता, आणि तो उसवायला याला एक महिना पुरला होता. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वहीला हात जोडावेत असं त्याला वाटलं, आणि ती वही त्याने अडगळीच्या कपाटात टाकली होती.

"पण बाई," तो चाचरत म्हणाला, "सगळ्यांनी एकमेकांना सांगूनच टाकलं तर बरं नाही का?"

"बरंच आहे की. पण कधी सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. खिडकीतल्या कारकुनाने नाही."

मग दोघं फोनला बसले. प्रत्येकाचं एक कार्ड कार्यालयाच्या खणातही असे; त्यावर फोन करायचा की नाही आणि केला तर काय म्हणायचं, याची खूण होती. कुणाला 'शिलाई मशीनच्या दुकानातून बोलतोय', कुणाला 'विम्याच्या हप्त्यासाठी'. फूटपट्टीला जन्मात कधी खोटं बोलल्याचं आठवत नव्हतं. त्या दुपारी तो विमेवाला झाला, शिवणवाला झाला, एका ठिकाणी तर शाळूसोबती झाला. संध्याकाळी पाचपर्यंत ज्यांची एकमेकांशी गाठ पडली असती ते सगळे इकडेतिकडे हलवून झाले. राहिल्या दोघीच. सासू आणि सून.

"त्यांचं काय?"

"घरात फोन एकच," तारीखबाई म्हणाल्या. "कोण उचलेल सांगता येत नाही. एका छपराखाली दोघी औषध घेतात आणि एकीचं दुसरीला ठाऊक नाही. सासूला जुन्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून झालं, सुनेला नवऱ्याकडून. दोघींना दुसरं कुणी नाही. सुनेला धास्ती, घराबाहेर काढतील. सासूला धास्ती, ही माहेरी निघून जाईल. उद्या त्या बाकावर समोरासमोर आल्या आणि एक जरी औषध न घेता पळाली, तर ती परत या दाराशी यायची नाही. मग पुढे काय होतं ते मी चौदा वर्षं पाहिलंय."

"तुम्ही याल ना उद्या?"

"मी आले की माणसं मला बघून थांबतील, बोलत बसतील, गर्दी वाढेल. चूक तुझी आहे. तूच निस्तर."

बुधवारी फूटपट्टी साडेसातलाच हजर झाला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याने सगळ्यांना गोळा केलं. रक्त काढणारी ताई, औषधवाले काका, समुपदेशक बाई आणि फाटकावरचा वॉचमन. आपली चूक त्याने सगळ्यांपुढे सांगितली, दोघी कोणत्या ते मात्र नावं न घेता नुसत्या खुणेने सांगितलं. कुणी ओरडलं नाही, कुणी टोमणाही मारला नाही. काका एवढंच म्हणाले, "बाईंनी सांगितलं ना? मग झालं." बेत ठरला. सासूबाई अकराच्या ठोक्याला येतात. त्यांना थेट रक्ताच्या खोलीत न्यायचं, काकांनी औषध तिथेच नेऊन द्यायचं. त्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं एक दार होतं. सून कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत एकला येई. मधे दोन तास होते. तरी काही कमीजास्त झालं, तर वॉचमनने टोपी हलवायची आणि फूटपट्टीने टेबलावरची घंटा दोनदा वाजवायची, म्हणजे ताई मागचं दार उघडेल.

सासूबाई अकराला आल्या. "आज काय सरबराई आहे बाई!" म्हणत, दाराबाहेर चपला काढून रक्ताच्या खोलीत गेल्या. त्या खोलीत सगळेच अनवाणी जात. फूटपट्टीने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात फाटकावरून वॉचमनने डोक्यावरची टोपी काढून हलवली.

सून येत होती. कारखान्यात वीज गेली म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं होतं. ती भराभर पायऱ्या चढत होती, आणि रक्ताच्या खोलीचं दार आतून उघडायला लागलं होतं.

फूटपट्टीने घंटेवर हात मारला. घंटा खट्ट झाली आणि गप्प बसली. तिच्या आतला लोलक केव्हाच निखळून पडलेला होता. सरळ ठेवायच्या नादात त्याने ती कधी वाजवूनच पाहिली नव्हती. दुसऱ्यांदा मारली, तरी तेच. मग त्याने शेजारचा लाकडी खण दोन्ही हातांनी ओढला, गच्च भरलेल्या चारशे कार्डांसकट, आणि खिडकीबाहेर पडवीत उलटा केला.

असा आवाज त्या इमारतीने कधी ऐकला नसेल. रक्ताच्या खोलीचं दार फटकन बंद झालं. ताईला समजलं होतं. पडवीभर कार्डं पसरली, नावं वर, फोटो वर, नंबर वर. आगीतून फुफाट्यात! दोन माणसांचं झाकायला गेला आणि चारशेंचं उघडं टाकून बसला.

आणि मग जे झालं ते तो कधी विसरला नाही. बाकांवर पंधरा-सोळा माणसं बसली होती. ती उठली, एकही शब्द न बोलता गुडघ्यांवर बसली आणि कार्डं उचलायला लागली. प्रत्येकजण कार्ड उचलायच्या आधी पालथं करत होता. म्हातारे, तरुण, एक ड्रायव्हर, कडेवर मूल घेतलेली एक आई, सगळे नजर भिंतीकडे लावून, हाताने चाचपून कार्डं पालथी घालत होते. कुणी एक नाव वाचलं नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. फूटपट्टी खिडकीतून बघत उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. आपण कुठल्या जागी नोकरीला आलो आहोत, हे त्याला त्या क्षणी कळलं. ज्या खुर्चीवर रुमाल फिरवला होता, तिच्यावर बसायची आपली लायकी आहे का, असं त्याला वाटून गेलं.

तो बाहेर आला. सूनही गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करत होती. रक्ताच्या खोलीच्या दारापाशी तिचा हात थांबला. तिथे एक चपलांचा जोड होता. जुना, झिजलेला, आणि उजव्या चपलेच्या अंगठ्याचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला.

सासूबाई मागच्या दाराने अंगणात गेल्या होत्या, आणि चपला इथेच राहिल्या होत्या.

सून त्या चपलांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने त्या उचलल्या, पदराने पुसल्या आणि उठून फूटपट्टीच्या हातात दिल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मागच्या अंगणात नेऊन द्या, भाऊ. फरशी तापलीय, पाय भाजतील त्यांचे. पट्टा मीच शिवलाय."

"तुम्हाला माहीत आहे?" फूटपट्टीने विचारलं.

"तीन वर्षं झाली, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बटणांच्या डब्यात असते त्यांची बाटली. गोळी गिळताना ठसका लागतो, म्हणून तांब्या ठेवते उशाशी. पण मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. एकदा हे बोलणं निघालं की माझंही निघेल, आणि मग मला कुठून झालं तेही निघेल. त्यांना वाटतं, त्यांचा मुलगा साध्या तापाने गेला. तेवढा एक मुलगा तरी चांगला राहू दे त्यांच्याजवळ. जुनीच तारीख द्या मला. तिसरा गुरुवार."

फूटपट्टी चपला घेऊन मागे गेला. अंगणात सासूबाई भिंतीच्या हातभर सावलीत, एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभ्या होत्या. त्याने चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या. त्यांनी वाकून पाहिलं. निळ्या दोऱ्याने शिवलेला पट्टा स्वच्छ पुसलेला होता.

"आलीय ना ती?"

"कोण?" फूटपट्टी म्हणाला. दोन दिवसांत तो बराच शिकला होता.

सासूबाई हसल्या. "तारीखबाईंच्या हाताखालचा शोभतोस हो. अरे, तिच्या गोळ्या स्वयंपाकघरात असतात, पिठाच्या डब्यामागे. बाटली वाजते. म्हणून नऊ वाजले की मी टीव्ही मोठा करते. तिला वाटतं म्हातारी बहिरी झाली. वाटू दे." त्यांनी चपलेत पाय सरकवला. "माझ्या पोराने तिला हे दिलं. मला कळलंय असं तिला समजलं, तर ती उलटी माझीच समजूत काढत बसेल. तशीच आहे ती. नको रे बाबा, आधीच खूप करते माझं. ती घरात ताठ मानेने वावरते ना, तशीच वावरू दे. आजच्यासारखा घोटाळा पुन्हा करू नकोस. पहिला सोमवार बरा होता माझा."

दोन पावलं गेल्यावर त्या वळल्या. "आणि तिला औषध दिल्याशिवाय पाठवू नकोस. तिच्या गोळ्या संपत आल्यात."

फूटपट्टी कितीतरी वेळ त्या तापलेल्या अंगणात उभा होता. भिंतीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, आणि दोघींचं सगळं गाठोडं आता याच्या एकट्याच्या डोक्यावर. दोन शब्द इकडचे तिकडे केले असते तर दोघी गळ्यात पडून रडल्या असत्या, कदाचित. तो 'कदाचित' आपला नव्हता, हे त्याला कळत होतं. दोन खोल्यांच्या घरात एवढं मोठं काही रोज गुपचूप चाललेलं असतं, आणि आपण त्याला सासू-सुनेचं भांडण म्हणत होतो! आपण फार मोठ्या माणसांच्या ओळखीचे झालो आहोत असं त्याला वाटलं.

सुनेला औषध मिळालं. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने अडगळीच्या कपाटातून जुनी वही काढली, झटकली आणि खिडकीशी ठेवली. लाल रेघांची वही त्याने फाडून टाकली. मग त्याला राहवेना. त्याने तारीखबाईंना फोन लावला.

"निस्तरलं?" पलीकडून विचारणा झाली.

"हो. पण बाई, एक विचारू? तुम्हाला माहीत होतं? त्या दोघींना एकमेकींचं..."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

"कोण दोघी?" तारीखबाई म्हणाल्या.

खिडकीशी एक माणूस कार्ड घेऊन उभा होता, तारखेची वाट बघत.

"कुणी नाही, बाई," तो म्हणाला. "फोन चुकून लागला."